एसएमएची बाळं वेळेत शोधा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,



माझ्या मुलीला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए आहे. निदान झालं तेव्हा ती दीड वर्षाची होती. तोवर सगळीकडे एकच ऐकलं: "काही मुलं उशिरा चालतात, तेल लावून मालिश करा."

मालिशीने हा आजार हटत नाही. स्नायूंना हालचालीचा निरोप देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशींना एक प्रथिन लागतं. एसएमएन१ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की ते पुरेसं तयार होत नाही. पेशी मरतात, स्नायू वाळतात. मेलेली पेशी कुठलंही औषध परत आणत नाही. बुद्धी मात्र शाबूत असते. बाळ हसतं, माणसं ओळखतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. सर्वांत तीव्र प्रकारात उपचाराविना बहुतेक बाळं दोन वर्षांचीही होत नाहीत.

घरात बोल लागतो तो आईला. ग्रहण पाळलं नाहीस, नको ते खाल्लंस. खरं तर एक बिघडलेली प्रत आईची, एक वडिलांची, आणि दोघंही ठणठणीत. साधारण पन्नासात एक जण असा वाहक असतो. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या आपल्या राज्यात हे जोडप्यांना सांगायलाच हवं. आम्हाला कुणी सांगितलं नाही.

२०२१च्या राष्ट्रीय धोरणाखाली दुर्मिळ आजारांसाठी ५० लाखांपर्यंत मदत मिळते. मुंबईचं केईएम त्यासाठीचं एक केंद्र आहे. एसएमएवरचं रिस्डिप्लाम मात्र जन्मभर रोज घ्यायचं औषध, तिथे ही मर्यादा अपुरी पडायची. २०२५मध्ये न्यायालयीन लढ्यानंतर देशी कंपनीचं रिस्डिप्लाम १५,९०० रुपयांना बाटली या दराने आलं. आधी याच औषधाची बाटली सहा लाखांवर होती. औषध आवाक्यात येऊ लागलंय आणि मूल मात्र अजूनही उशिराच सापडतंय!

म्हणून मागणी करते. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर एसएमएची तपासणी जिल्हा रुग्णालयांपासून सुरू करा. गरोदर बाईची वाहक चाचणी करा, ती वाहक निघाली तर नवऱ्याचीही. अंगणवाडीत येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकांना मान न धरणारं, पाय न उचलणारं बाळ ओळखायला शिकवा.

लक्षणं दिसण्याआधी औषध मिळालेली अनेक बाळं आज चालतात. येत्या अर्थसंकल्पात यासाठी तरतूद करा.

आपली,
एका मुलीची आई