पोवळ्यांचा जमाखर्च

पोवळे म्हणजे अंगठीतला खडा, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. पाथर्डी तालुक्यातील तिसगावसारख्या अवर्षणग्रस्त गावी तर समुद्र हा भूगोलाच्या पुस्तकातलाच विषय. तथापि ज्या अरबी समुद्रावरून आपला पाऊस येतो, त्याच समुद्रात मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पोवळ्यांच्या जिवंत वसाहती आहेत आणि आज त्या संकटात आहेत.

पोवळे हा दगड नव्हे, प्राणी आहे. त्याच्या पेशींत वसणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न व रंग पुरवते. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल मर्यादेहून अवघ्या एका अंशाने वाढले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर हे शैवाल बाहेर टाकले जाते. पोवळे पांढरे पडते. उष्मा ओसरला नाही तर उपासमारीने मरते. दुसरा घाला रासायनिक आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होता. २०२४ साली तो ४२० च्या वर गेला. माणसाने हवेत सोडलेल्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्याने पाण्याची आम्लता वाढते आणि पोवळ्याला आपला सांगाडा बांधणे जड जाते. २०१० नंतरच्या दशकात मालवणला पोवळी पांढरी पडल्याचे संशोधकांनी नोंदविले. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर घडले.

शासनाने १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. तो निव्वळ हटवाद म्हणून झटकून टाकता येणार नाही. निर्बंधांची धास्ती त्यांच्या जाळ्यांना. हवा तापविणाऱ्या दूरच्या धुराड्यांपर्यंत अभयारण्याचा कायदा पोचत नाही. अर्थशास्त्रात यास बाह्य व्यय म्हणतात : लाभ एकाच्या पदरात, भुर्दंड दुसऱ्याच्या माथी. समुद्र तापविण्यात ज्याचा वाटा नगण्य, त्या रापणकराच्याच मासळीचा आसरा नाहीसा होतो. पाऊस हुकला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या आमच्या भागातील कुटुंबांना हा न्याय अपरिचित नाही.

अभयारण्याची सीमा उष्णतेला अडवू शकत नाही, हे खरे. परंतु सांडपाणी, पर्यटक नौकांचे नांगर, पोवळ्यांवर पडणारे पाय हे ताण निश्चित रोखता येतात. ते कमी झाले तर पोवळ्यांना सावरण्यास वाव मिळतो. पाण्याच्या तापमानाची नियमित नोंद मच्छीमारांच्या साहाय्याने व्हावी आणि पर्यटनाच्या उत्पन्नात त्यांना हक्काचा वाटा मिळावा. खरा उपाय मात्र धूर कमी करणे हाच. पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशावर थोपविली तरी जगातील ७० ते ९० टक्के पोवळी नष्ट होतील, असा इशारा आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या समितीने २०१८ सालीच दिला आहे. विजेचा व इंधनाचा भाव ठरविताना हे नुकसान हिशेबात धरले जात नाही, तोवर आपला जमाखर्च खोटाच राहील. आणि त्यातली तूट भरणारे हात नेहमी गरिबाचेच असतील.