ताडोबाची वाट आणि भोसरीची सुटी

दिवाळी किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली की भोसरी, इंद्रायणीनगर, चाकण या पट्ट्यातील घराघरांत सहलीचे बेत सुरू होतात. कोकण, महाबळेश्वर आणि शिर्डी यांच्या जोडीला त्या बेतांत आता ताडोबाचे नाव ठळकपणे येऊ लागले आहे. समृद्धी महामार्ग झाला, पुणे-नागपूर वंदे भारत सुरू झाली, सफारीचे आरक्षण घरबसल्या होऊ लागले. त्यामुळे विदर्भातले जंगल पुण्याच्या जवळ आले, असा समज रूढ होत आहे. हा समज अर्धाच खरा आहे. अंतर कमी झाले ते नागपूर किंवा वर्ध्यापर्यंतचे. तेथून जंगलाच्या दारापर्यंतचा आणि दारातून आत जाण्याचा प्रश्न पूर्वीइतकाच, किंबहुना गर्दीमुळे पूर्वीपेक्षा अधिक, अवघड झाला आहे.

ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते घोषित झाले तेव्हा चंद्रपूर जिल्हा मध्य प्रदेशात होता. ११६.५५ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला १९८६ मधील अंधारी अभयारण्याची जोड मिळाली आणि पुढे १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आज गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि त्याभोवतीचे बफर क्षेत्र सुमारे ११०० चौरस किलोमीटर आहे. हे आकडे सहलीच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहेत. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यान जवळपास २० हजार चौरस किलोमीटरचे आहे आणि तेथे पर्यटक स्वतःची मोटार घेऊन डांबरी रस्त्यांवरून फिरतो. ताडोबाच्या गाभ्यात तशी मुभा नाही. नोंदणीकृत वाहन, चालक आणि मार्गदर्शक यांच्यासोबतच आत जाता येते आणि प्रत्येक प्रवेशद्वारातून सकाळ-दुपारी किती वाहने सोडायची याची संख्या ठरलेली असते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटनाला काही महिने मनाई केली होती. ती उठली ती केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यानंतरच, आणि पर्यटन गाभ्याच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक भागात नसावे, ही मर्यादा त्या तत्त्वांनीच घातली. सारांश, इथे जागा मोजकी आहे आणि ती मोजकीच राहणार आहे.

म्हणूनच ताडोबाचे नियोजन गाडीच्या तिकिटापासून सुरू करणे हीच पहिली चूक ठरते. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही गाभ्याची सहा प्रवेशद्वारे. ती एकमेकांपासून दूर आहेत. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूने जवळ, तर कोलारा व नवेगाव चिमूरच्या बाजूने. कोलाऱ्याची सफारी मिळालेल्या कुटुंबाने मोहर्लीला मुक्काम ठरवला, तर पहाटेच्या अंधारात मोठा वळसा घालण्याची वेळ येते. तेव्हा क्रम असा हवा: आधी वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून सफारी, मग त्या प्रवेशद्वाराजवळचा मुक्काम, मग त्यास सोयीचे रेल्वेस्थानक आणि शेवटी तिकीट. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली आहे. सफारी आणि रेल्वे या दोन स्वतंत्र खिडक्या असून एकीचा दुसरीशी संबंध नाही. दिवाळीत तर विदर्भात घरी जाणाऱ्या चाकरमान्यांनीच गाड्या भरून जातात. सफारी हाती आहे पण गाडीत जागा नाही, किंवा त्याच्या नेमके उलट, असा अनुभव त्यातूनच येतो.

भोसरीपुरता एक वेगळाच पेच आहे. येथील अनेक लघुउद्योगांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. मुलांच्या शाळेला सुटी रविवारी. आई-वडील आणि मुले एकत्र मोकळी असतात ती दिवाळीत आणि मे महिन्यात; आणि नेमक्या त्याच काळात ताडोबाला सर्वाधिक गर्दी असते. मे महिन्यात पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता अधिक, हे खरे. परंतु चंद्रपूरचा पारा त्या दिवसांत ४५ अंशांच्या आसपास असतो आणि उघड्या जिप्सीत लहान मुले व वृद्धांसाठी तो ताप सोसण्यापलीकडचा ठरू शकतो. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असते. दर मंगळवारीही प्रवेश नसतो. ज्यांच्या घरी शाळकरी मुले नाहीत त्यांना मात्र गुरुवारची सुटी लाभाची आहे. गुरुवारला शुक्रवारची एक रजा जोडली, तर शनिवार-रविवारची झुंबड आणि त्या दिवसांचे वाढीव दर दोन्ही टळतात.

प्रवासाचे पर्याय पाहिले तर प्रत्येकात एक अडचण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पुणे-अजनी वंदे भारत सुमारे ८८० किलोमीटरचे अंतर १२ तासांत कापते. ती दौंड, मनमाड, भुसावळ, वर्धा या मार्गाने जाते. चिंचवड स्थानकाशी तिचा संबंध नाही. पुणे स्थानकावरून तिची वेळ सकाळी ६.२५ ची ठरवण्यात आली आणि मेट्रो सुरू होते सहा वाजता. नाशिक फाट्यावरून मेट्रोने निघून, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून ती वंदे भारत गाठणे शक्य नाही. म्हणजे पहाटेची रिक्षा आली, आणि संपूर्ण दिवस गाडीत गेल्यानंतर वर्ध्याला उतरून पुढचा प्रवास रात्रीचा आला. त्यापेक्षा संध्याकाळी किंवा रात्री पुण्याहून निघणाऱ्या नागपूरच्या गाड्या कामगार कुटुंबाला अधिक सोयीच्या: पाळी संपवून निघावे, सकाळी वर्धा किंवा नागपूर गाठावे आणि दुपारची सफारी नको, दुसऱ्या दिवशीची घ्यावी. थेट चंद्रपूरला नेणारी पुणे-काझीपेठ गाडी आठवड्यातून एकदाच आहे. लोहगावहून नागपूरला विमान आहे, पण चार जणांच्या कुटुंबाचे भाडे पाहता तो पर्याय अनेकांच्या हिशेबात बसत नाही. नागपूरहून जंगलापर्यंतचे शंभर-सव्वाशे किलोमीटर तरीही उरतातच, आणि तेथे भाड्याच्या मोटारीवाचून गत्यंतर नसते.

उरतो तो रस्ता, आणि खरा धोका तेथेच आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला व जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण महामार्ग वाहतुकीस मोकळा झाला. भोसरीकर अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगरला किंवा नाशिक रस्त्याने सिन्नरकडे जाऊन या मार्गाला लागतो. भोसरी ते ताडोबा हे अंतर सातशे किलोमीटरहून अधिक भरते. दुसरी पाळी करून रात्री अकराला मोटार काढायची आणि सकाळी जंगलात पोहोचायचे, असा बेत कागदावर आकर्षक दिसतो. पण सरळ, एकसुरी, दिव्यांविना लांबत जाणाऱ्या रस्त्यावर थकलेल्या चालकाला डुलकी लागणे ही समृद्धीवरील सर्वपरिचित समस्या आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे येणारी खासगी आरामगाडी उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला. सहल वाचवण्यासाठी एक रात्र वाचवायची, हा हिशेब करताना ही रात्र विसरता येणार नाही. मोटारीनेच जायचे असेल तर दोन चालक, दिवसाचा प्रवास आणि वाटेत एक मुक्काम, हा खर्च चैनीचा म्हणता येत नाही.

आरक्षणाच्या बाबतीतही सावधगिरी अटळ आहे. ताडोबाच्या ऑनलाइन आरक्षणाचे काम पाहणाऱ्या खासगी संस्थेविरुद्ध २०२३ मध्ये सुमारे १२ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला होता. त्यानंतर व्यवस्था बदलली, तरी सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे आणि ‘हमखास जिप्सी’ मिळवून देणारे मध्यस्थ यांचा सुळसुळाट थांबलेला नाही. आरक्षणावरील नाव आणि ओळखपत्र जुळले नाही तर प्रवेशद्वारावर अडवणूक होते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. तेव्हा दोन कुटुंबांनी मिळून वाहन घेतले तर खर्च बराच खाली येतो. गाभ्यात जागा नसेल तर आगरझरी, जुनोना, अलीझंझा, मदनापूर ही बफरची प्रवेशद्वारे आहेत. वाघ सीमारेषा पाळत नाही, त्यामुळे तेथील सफारी दुय्यम मानण्याचे कारण नाही.

मात्र ‘वाघ दिसलाच पाहिजे’ या अट्टहासाची किंमत जंगल मोजते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना सफारीच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी कोंडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ताडोबात मोबाइलला २०१८ च्या अखेरीपासूनच मनाई आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट प्रकरणात गाभ्यातील पर्यटन क्षेत्रासाठी मोबाइलबंदीचे निर्देश दिले. चालकावर दबाव येतो तो पर्यटकाच्या अपेक्षेचा. हजारो रुपये आणि दोन रजा खर्चून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतणे जड जाते, हे समजण्यासारखे आहे. म्हणूनच एकाच सफारीवर सारी भिस्त ठेवणारे नियोजन सदोष ठरते. दोन किंवा तीन सफारी, आणि त्यांत रानगवे, रानकुत्री, अस्वल व ताडोबा तलावातील मगरी पाहण्याची तयारी असेल, तर निराशाही कमी आणि घाईही कमी.

याला दुसरी बाजूही आहे. २०२२ च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ आढळले आणि त्यांतील मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा आहे. त्याच जिल्ह्यात मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करण्यास गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात बळी गेला. भोसरीतील कारखान्यांत चंद्रपूर-गडचिरोलीकडचे कामगार आहेत. शेजारच्या यंत्रावरील सहकारी ज्या वाघाला पाहण्यासाठी रजा टाकतो, त्याच वाघाच्या भीतीने त्यांच्या गावची माणसे सूर्यास्तापूर्वी घरी परततात. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे याच जंगलासाठी उठली. पर्यटनाचा पैसा मुक्कामाच्या मोठ्या रिसॉर्टऐवजी बफरमधील गावकऱ्यांच्या निवासात, त्यांच्या जिप्सीत, त्यांच्या खानावळीत गेला, तर त्या त्यागाची अंशतः तरी भरपाई होते. हा निर्णय पर्यटकाच्या हाती आहे आणि तो नियोजनाच्या वेळीच घ्यावा लागतो.

शासनाच्या हाती असलेलेही बरेच आहे. सफारीच्या वेळा धरून वर्धा व चंद्रपूर स्थानकांवरून प्रवेशद्वारांपर्यंत एसटीची जोडगाडी, सुटीच्या हंगामात वल्लभनगर आगारातून दिवसाची गाडी, कारखान्यांच्या कामगार गटांसाठी आठवड्याच्या मधल्या दिवसांतील राखीव सफारी, यांपैकी कशासाठीही नवा महामार्ग बांधावा लागणार नाही. जंगलात वाहने वाढवता येत नाहीत, हे मान्य. मग आहेत त्या जागा कोणाला मिळतात हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होतो. आज त्या स्वतःची मोटार, सवडीचे दिवस आणि वेगवान इंटरनेट असणाऱ्यांना मिळतात. सार्वजनिक पैशातून राखलेले राष्ट्रीय उद्यान गुरुवारी सुटी असणाऱ्या फिटरच्या कुटुंबालाही तितक्याच सुरक्षितपणे पाहता आले, तरच समृद्धी आणि वंदे भारत यांनी विदर्भ जवळ आणला असे म्हणता येईल.