पाय चालतात, माणूस तिथेच

‘मुलगा मैदानावर जात नाही आणि गेम सोडत नाही. मग चालत चालत गेम खेळायचे ते यंत्र घेतले तर?’ समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती पाहून बाह्यरुग्ण विभागात आता असेही प्रश्न येतात. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट, कमरेला पट्टा आणि पायांखाली कोणत्याही दिशेने चालता येईल अशी ट्रेडमिल. गेममधल्या जंगलात मैलभर भटकायचे आणि खोलीत जागचे हलायचे नाही.

अमेरिकेतील व्हर्च्युइक्स कंपनीने २०१३ मध्ये ‘ऑम्नी’साठी लोकांकडून निधी मागितला, तेव्हा ११ लाख डॉलर जमले. प्रत्यक्षात यंत्र इतके मोठे आणि जड झाले, की २०१६च्या अखेरीस कंपनीने अमेरिकेबाहेरच्या वर्गणीदारांचे पैसे परत करायचे ठरवले. घरगुती आवृत्ती ग्राहकांच्या हाती पडायला २०२४ उजाडले. किंमत दोन लाख रुपयांच्या पुढे. परदेशातल्या भावाला ‘येताना घेऊन ये’ म्हणावे, अशी ही वस्तू नव्हे.

पैशापेक्षा डॉक्टर म्हणून मला चिंता आहे ती चालीची. नाव ट्रेडमिल असले, तरी अशा घरगुती यंत्रात पट्टा फिरत नाही. परातीसारखा खोलगट, गुळगुळीत तळ असतो. निसरड्या तळव्यांचे बूट घालून त्यावर पाऊल टाकायचे, की ते घसरत मध्यभागी येते. रंकाळ्यावर फिरताना आपली टाच टेकते, शरीराचा भार पावलावरून पुढे सरकतो, शेवटी बोटे जमिनीला रेटा देतात. इथे शरीर पावलाच्या पुढे जातच नाही. आपण पट्ट्यावर रेलून पाय मागे ओढत राहतो. घाम येतो, नाडी वाढते, दम लागतो. तेवढा व्यायाम होतो हे मान्य. पण हे चालणे नव्हे, चालण्याची नक्कल आहे, आणि ती नव्याने शिकावी लागते.

दुसरी अडचण कानात आहे. शरीराचा वेग वाढला, कमी झाला, की आतल्या कानातील संवेदक मेंदूला कळवतात. एकसारख्या वेगात ते गप्प असतात, त्यामुळे सरळ चालताना फारसे बिघडत नाही. गेममध्ये मात्र सतत धावायचे, थबकायचे, बाजूला व्हायचे. डोळे म्हणतात धावलो, कान म्हणतो जागेवरच आहोत. मग मळमळ, चक्कर, डोकेदुखी. एसटीतून घाट उतरताना ज्यांना उलटी होते, त्यांनी जरा जपूनच.

मधुमेहींसाठी माझे उत्तर सरळ ‘नको’ असे आहे. अनेक वर्षांच्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होते. अशी माणसे तोल सांभाळायला डोळ्यांवर अवलंबून असतात. अंधारात त्यांचा तोल जातो तो म्हणूनच. हेडसेट नेमके डोळेच झाकतो. वर कडक बुटात घसरणारे पाऊल. फोड आला तरी कळणार नाही, आणि अशा फोडातून पाय गमावण्यापर्यंत वेळ आलेले रुग्ण आमच्या वॉर्डात नवीन नाहीत.

तंत्र मुळातच वाईट आहे असे मात्र नाही. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच देशांतील ३०२ वृद्धांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवडे ट्रेडमिलवर चालताना समोर आभासी अडथळे दाखवले, तर पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचे प्रमाण नुसत्या ट्रेडमिलपेक्षा बरेच कमी राहिले. पण तिथे साधी फिरत्या पट्ट्याची ट्रेडमिल होती, डोळे झाकलेले नव्हते, चित्र समोरच्या पडद्यावर होते आणि शेजारी प्रशिक्षित माणूस उभा होता. विक्रेते या अभ्यासाचा दाखला देतील, तेव्हा हा फरक विचारावा.

मुलांबाबत, दहा वर्षांखाली हेडसेट नको. मेटा कंपनीचीही हीच वयोमर्यादा आहे. फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठ्यांनीही लावू नये. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते. सुमारे अर्धा किलोचा हेडसेट घालून, एप्रिलच्या उकाड्यात, भिंगांवर वाफ धरत असताना एवढा वेळ कोण टिकेल? गेम झोनमध्ये एकदा खेळून पाहायला हरकत नाही. फक्त आधीच्या खेळाडूच्या घामाने ओला झालेला हेडसेट पुसून घ्या, आणि डोळे आलेले असतील तर त्या आठवड्यात जाऊच नका. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ कशी पसरली, ते आपण पाहिले आहे.