गॅस भरला, पण गळती तशीच!



आमच्या वस्तीतील एका तरुणाने बायकोच्या बचत गटातून कर्ज काढून पंधरा वर्षांची जुनी मोटार घेतली. लग्नाची वर्दी, दवाखान्याची फेरी यावर त्याचे घर चालते. पण ऐन उन्हाळ्यात ए.सी. थंड हवा देईना. गॅरेजवाल्याने गॅस भरून दिला. पंधरा दिवस गाडी गार, पुन्हा गरम. दुसऱ्यांदा भरला, पुन्हा तेच. पैसे गेले आणि गिऱ्हाईकही तुटू लागले. "काका, गाडी विकून टाकू का?" असे विचारत तो आमच्याकडे आला.

आम्ही पडलो कारकून. पण हिशेबात पैसा कमी आला, तर तो कुठून गेला हे शोधायची आम्हाला सवय आहे. रविवारी विहारातील वंदना आटोपून त्याच्यासोबत दुसऱ्या, जाणत्या कारागिराकडे गेलो. तेथे जे कळले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट ही की, ए.सी.चा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या जाळीत तो उष्णता टाकून द्रव होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरे. पण पंधरा दिवसांत गेला, म्हणजे गळती आहेच.

गॅरेजला जाण्यापूर्वी काही गोष्टी आपण स्वतः पाहाव्यात. पंख्याची हवा जोरात येते का? नसेल तर फ्यूज आणि हवेची चाळणी तपासा. इंजिन चालू ठेवून ए.सी.चे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरजवळ 'टक्' असा आवाज होतो का? होत नसेल तर दोष फ्यूज, रिले किंवा क्लचचा असू शकतो. गॅस फारच कमी झाल्यावरही कॉम्प्रेसर चालू होत नाही. कंडेन्सरवर धूळ बसली असेल तर इंजिन बंद करून, गार झाल्यावर, साध्या पाण्याने हलकेच धुवा. नळ्यांचे सांधे मात्र घरी सोडू नका. बाहेर उडणारा गॅस डोळ्यांना व हातांना गारठ्याने इजा करतो.

आमच्या तरुणाच्या गाडीत एका सांध्यावर तेलकट डाग होता. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबर फिरते, म्हणून गळतीच्या जागी ते दिसते. कारागिराने साबणाचा फेस लावला, तसे बुडबुडे आले. आतली रबरी रिंग कडक होऊन तडकली होती. वस्तू लहान, पण घर बुडवायला निघालेली! रिंग बदलली, ओल शोषणारा ड्रायरही नवा बसवला. मग पंपाने नळ्यांतील हवा व ओल खेचून काढली आणि गाडीवरच्या पट्टीत लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरला.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांत आर-१२ नावाचा गॅस असे. तो ओझोनचा थर नासवतो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्यानंतर आलेल्या आर-१३४ए ला तेलही वेगळे लागते. म्हणून अशा गाडीत नुसता नवा गॅस भरून भागत नाही. स्वस्तात पडतो म्हणून कुणी स्वयंपाकाचा गॅस भरून देत असेल तर स्पष्ट नकार द्या. तो पेट घेतो.

आणखी एक विनंती. वर्दीची वाट पाहताना ए.सी. लावून, काचा बंद करून गाडीत झोपू नका. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू आत शिरला तर त्याला वास नसतो. झोपेतच जीव जातो. गाडीपेक्षा घरचा माणूस मोलाचा आहे.

तथागतांनी दुःख सांगितले, तसे दुःखाचे कारणही शोधायला शिकवले. गळती न शोधता गॅस भरणारा कारागीर दुःखावर पांघरूण घालतो. तेव्हा पैसे देण्याआधी "गळती कुठे आहे, दाखवा" एवढे विचारा आणि पावती घ्या. कष्टाच्या पैशाचा जाब विचारण्यात लाज कसली?

आमच्या तरुणाने गाडी विकली नाही. बचत गटाचा हप्ता वेळेवर जातो आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!