एका टाकीवरून निकाल नको

व्यापारी कुटुंबात गाडीचे ॲव्हरेज हा केवळ गप्पांचा विषय नसतो. प्रकाशाहून शहादा, तळोदा, नंदुरबार अशी नित्य ये-जा असलेल्या घरी डिझेलचा खर्च वाढला की पहिला संशय बहुधा चालकावर जातो. ‘मागच्या वेळी अठरा होते, आता पंधरा कसे?’ असा प्रश्न मालक विचारतो आणि समोरच्या माणसाची अब्रू पणाला लागते. म्हणून संशय घेण्याआधी हिशेबाची रीत तपासणे हे आपले कर्तव्य आहे.

समजा, गाडी खरोखर लिटरला १८ किलोमीटर धावते. १८० किलोमीटरांना १० लिटर लागले. परंतु पहिल्या वेळी टाकी दोन लिटर अपुरी भरली गेली आणि दुसऱ्या वेळी काठोकाठ भरली, तर पावती १२ लिटरची येईल व ॲव्हरेज १५ निघेल. चोरी नाही, बिघाड नाही. केवळ आरंभीची शिल्लक चुकली. तीच दोन लिटरांची चूक १,८०० किलोमीटरांच्या हिशेबात आली, तर १०० ऐवजी १०२ लिटर होतील आणि आकडा १७.६ च्या आसपास राहील. मधल्या भरण्यांतील कमी-अधिक आपसांत फिटते. फरक उरतो तो पहिल्या व शेवटच्या भरण्याचा. यास्तव पाच-सहा वेळच्या पावत्यांचे एकूण लिटर आणि एकूण किलोमीटर घेऊनच भागाकार करावा.

चाचणीचे नियमही साधे आहेत. शक्यतो एकाच पंपावर, एकाच यंत्रावर इंधन भरावे. नोझल आपोआप बंद होताच थांबावे. मार्ग तोच असावा आणि जाणे-येणे दोन्ही मोजावे, म्हणजे चढ-उतारांची वजावट होते. दोन चालकांची तुलना करायची असल्यास गाडी, ओझे, वेळ व एसीचा वापर समान हवा. नंदुरबारहून मिरचीची पोती भरून येणारा आणि रिकामी गाडी नेणारा यांना एका तागडीत तोलणे अन्यायाचे ठरेल.

कंपनीच्या जाहिरातीतील आकड्याशीही आपली गाडी ताडून पाहू नये. पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेसारख्या ठिकाणी गाडी रोलरवर, ठरावीक वेगक्रमाने चालवून तो काढला जातो. दोन गाड्यांची तुलना करण्यास तो उपयोगी आहे. उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जाणाऱ्या गाडीचे ते भाकीत नव्हे.

आता बचतीचे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ९० वर गेल्यास तो सव्वादोन पट होतो. म्हणून मध्यम, स्थिर वेग व शक्य तितका वरचा गिअर ठेवावा. पुढे गतिरोधक दिसताच ॲक्सिलरेटर आधी सोडावा. शेवटच्या क्षणी दाबलेला ब्रेक म्हणजे जाळलेले इंधन वाया घालवणे होय. टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासावी. माल उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवू नये. तोरणमाळच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये मात्र कदापि सोडू नये. आजच्या इंजेक्शन इंजिनांत, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बहुधा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यास इंधन लागते आणि इंजिनाचा रोधही गमावतो. तेथे बचत नाही, जिवाला धोका मात्र आहे.

गाडीत एक छोटी वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, लिटर, ओझे. नोंद चालकाने करावी, बेरीज त्याच्यासमोर व्हावी. एवढे करूनही आकडा सातत्याने घसरला, तर आधी मेकॅनिककडून टायर, ब्रेक व एअर फिल्टर पाहून घ्यावेत. माणसाकडे बोट दाखवण्याची पाळी त्यानंतरची. पेढीवर एका पावतीवरून आपण वर्षाचा नफा-तोटा ठरवत नाही. मग एका टाकीवरून माणसाचे इमान तरी का ठरवावे?