शीरखुर्म्यातली चारोळी

शीरखुर्म्याचे बदाम-पिस्ते दुरून येतात; चारोळी मात्र आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातली. एप्रिल-मेच्या उन्हात गोंड-माडिया बाया चाराची फळे वेचतात, धुऊन वाळवतात, बी फोडून दाणा काढतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा बाजारात त्यांच्याशी घासाघीस नको. कष्टाचा मोबदला पुरता द्यावा.

कृती: २ लिटर दूध मंद आचेवर दीड लिटर होईपर्यंत आटवा. रात्रभर भिजवलेल्या १० खारकांचे काप त्यात शिजवा. ५० ग्रॅम चारोळी घ्या, पण आधी एक दाणा चाखा. जुनी चारोळी खवट लागते आणि सगळे दूध बिघडवते. कोमट पाण्यात भिजवून, चोळून साले काढा व तुपात परता. ७५ ग्रॅम बारीक शेवयाही तुपात भाजा. सारे दुधात घालून दीडशे ग्रॅम साखर, वेलची टाका. ५ मिनिटांत उतरवा.

ईदला शेजारीपाजारी वाट्या जातातच. जिच्याकडून चारोळी घेतली, तिच्या घरीही एक डबा जाऊ द्या.