दोष रक्ताचा नव्हे

नेकनूरच्या आठवडी बाजारात कुणी अंग खाजवताना दिसला की सल्ला ठरलेला: रक्त बिघडलंय, कडुलिंबाचा रस घे, वांगं बंद कर. या पथ्यानं काहींना उतार पडतो, हे नाकारता येत नाही. पण इसब आणि सोरायसिस मुळातच उठणारे-बसणारे आजार. बसायच्या वेळी जे चालू असेल, त्याच्या नावावर गुण जमा होतो. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडल्यावर येणारी खाज निराळी, तिथं रक्त तपासावंच लागतं. इसबात मात्र शरीराची संरक्षक यंत्रणाच नको तिथं चवताळते. तिच्या पेशींतून सुटणारी इंटरल्यूकिन-31सारखी रसायनं कातडीतल्या चेतातंतूंना डिवचतात. हिस्टामिनचा वाटा त्यात थोडा. म्हणूनच अंगावर पित्त उठल्यावर लागू पडणारी गोळी इथं फार तर गुंगी आणते.

गाजरगवताचंच घ्या. 1950च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आज मराठवाड्याच्या बांधाबांधावर आहे. त्यातल्या पार्थेनिनची ॲलर्जी जडली की खुरपणाऱ्याच्या पापण्या सुजतात, मानेच्या वळ्या नि कोपराची लवण काळी, जाड, चामड्यागत होते. वाळल्या गवताचा भुगा वाऱ्यावर येतो, त्यामुळं हात न लावताही तोंड पेटतं. आणि घरात बंद काय होतं? वांगं!

‘खाजेनं कोण मरतंय?’ हे तर शिकलेलेही म्हणतात. रात्री पांघरुणात अंग तापलं की कंड वाढतो, झोप जाते. नखांनी कातडी सोलवटते आणि सोलवटलेली कातडी आणखी खाजते. सोरायसिसला खाज नसते, असं वैद्यकातही बरीच वर्षं मानलं जाई. रुग्णांनाच विचारल्यावर बहुतेकांनी ‘खाजतं’ म्हणून सांगितलं.

स्टिरॉइडला सरसकट शिव्या घालणंही मला पटत नाही. योग्य ताकदीचं मलम, डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस लावलं, तर इसबाला उत्तम. घात करते ती स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कोंबलेली ट्यूब. नायट्यावर ती चोळली की लाली उतरते नि बुरशी पसरते. 2018मध्ये केंद्र सरकारनं अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं ठरवलं. काउंटरवर चिठ्ठी मागतो कोण?

डॉक्टरांनीही ‘गवतापासून लांब राहा’ एवढं सांगून भागत नाही. रोजानं खुरपायला जाणारी बाई लांब राहणार कुठं? तिला पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला फडकं, घरी आल्याबरोबर आंघोळ नि कपडे बदलणं हे सांगायला हवं; आणि बांधावरचं गवत फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून, दुसऱ्या कुणीतरी उपटायला हवं.